घरचा डबा आणि दमट हवा: ठाणे-नवी मुंबईतल्या स्वयंपाकघरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-साताऱ्याच्या मावशीने सांगितलेलं प्रमाण घोडबंदर रोडवर किंवा नेरूळमध्ये फसतं, तेव्हा दर वेळी दोष हाताचा नसतो. इथे खाडी जवळ, हवा वर्षातले बरेच महिने दमट, आणि जून ते सप्टेंबर तर कपाटातली बरणीही ओलसर लागते. पीठ भराभर आंबतं, मिठाला पाणी सुटतं, डब्यातल्या भाजीला दुपारपर्यंत वास लागतो. खालची उत्तरं ही हवा आणि सकाळची लोकल, दोन्ही धरून दिली आहेत.

मापं अशी: वाटी १५० मिली, मोठा चमचा १५ मिली, लहान चमचा ५ मिली.

इडली-डोशाचं पीठ मे महिन्यात सकाळी आंबट ढाण होतं आणि जानेवारीत फुगतच नाही. प्रमाण बदलायचं का?

प्रमाण तेच ठेवा, वेळ बदला. ३ वाट्या इडलीचा उकडा तांदूळ, १ वाटी सालं काढलेले अख्खे उडीद, अर्धा लहान चमचा मेथी, पाव वाटी जाडे पोहे. तांदूळ आणि उडीद-मेथी वेगवेगळे ४ ते ५ तास भिजवा; पोहे वाटायच्या आधी १५ मिनिटं पुरे.

आंबायचा वेळ हवेवर ठरतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात ५ ते ६ तास, पावसाळ्यात ७ ते ८, डिसेंबर-जानेवारीत १० ते १२. मे महिन्यात रात्री नऊला वाटून ओट्यावर ठेवलेलं पीठ पहाटे तीनलाच तयार होतं आणि तुम्ही उठेपर्यंत आंबत राहतं. तेव्हा त्या दिवसांत रात्री अकराला वाटा, मीठ लगेच घाला (मिठाने आंबण्याचा वेग थोडा मंदावतो) आणि पहाटे पाचला भांडं फ्रिजमध्ये सरकवा. किंवा सकाळी कामावर जाताना नाही, तर संध्याकाळी घरी आल्यावर वाटा आणि झोपताना फ्रिजमध्ये टाका. थंडीत उलट: मीठ सकाळी घाला, उडीद वाटताना कोमट पाणी वापरा आणि भांडं बंद ओव्हनमध्ये किंवा कणकेच्या डब्याशेजारी, वाऱ्यापासून लांब ठेवा.

मिक्सरमध्ये वाटत असाल तर एक गोष्ट फार महत्त्वाची. पातं फिरून पीठ गरम होतं आणि तिथूनच ते आंबायला लागतं. थंडीचे दिवस सोडले तर उडीद फ्रिजच्या पाण्याने वाटा, दर मिनिटाला थांबा. उडदाला साधारण सव्वा वाटी पाणी लागतं, तेही थोडं थोडं. नीट वाटलेल्या उडदाचा थेंब वाटीभर पाण्यात टाकला तर तरंगतो. बुडाला तर अजून वाटा.

इडल्या चपट्या आणि चिकट होतात.

चपट्या होण्याचं कारण बहुधा पातळ पीठ. पळीतून ते जाडसर पडलं पाहिजे, धार लागता कामा नये. दुसरं कारण, फुगलेलं पीठ जोरात ढवळणं. त्यातली हवा निघून जाते. कडेने घ्या आणि साच्यात ओता.

चिकट इडलीमागे दोन गोष्टी असतात: तांदूळ अगदी गंधासारखा वाटलेला, किंवा इडली गरम असतानाच साच्यातून ओढलेली. तांदूळ बारीक रव्याइतका ठेवा. पाणी खळखळ उकळल्यावरच स्टँड आत ठेवा, १० ते १२ मिनिटं वाफवा, बाहेर काढून ५ मिनिटं थांबा, मग ओल्या चमच्याने सोडवा. १५ मिनिटांपेक्षा जास्त वाफवली तर वरून कोरडी पडते.

दह्याला तार सुटते. विरजण बदललं तरी तेच.

तार सुटते ती विरजणातल्या जंतूंमुळे. त्याच घरातलं, त्याच भांड्यातलं विरजण पुन्हा वापरलं तर ते जात नाही. भांडं, गाळणी, चमचा उकळत्या पाण्यातून काढा आणि विरजण दुसऱ्या घरातून आणा. दूध उकळून कोमट करा: बोट बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे आणि चटका बसता कामा नये, म्हणजे साधारण ४० ते ४३ अंश. १ लिटर दुधाला उन्हाळ्यात अर्धा लहान चमचा विरजण, थंडीत १ मोठा चमचा. मे महिन्यात ४ ते ५ तासांत लागतं. लागल्यावर बाहेर ठेवलेल्या दह्याला पाणी सुटतं आणि ते आंबट होतं, त्यामुळे रात्री लावून सकाळी बघू असं मे महिन्यात करू नका. सकाळच्या चहाबरोबर लावा, डबा भरून होईपर्यंत विसरा, निघताना फ्रिजमध्ये ठेवा असंही जमत नाही, कारण तेवढा वेळ पुरत नाही. घरात दुपारी कोणी असेल तरच सकाळी लावा, नाहीतर संध्याकाळी सहा-साडेसहाला.

रविवारी काय करून ठेवावं, म्हणजे आठवडा सुटसुटीत जाईल?

भाज्या शिजवून ठेवू नका. तिसऱ्या दिवशीची शिजवलेली फ्लॉवरची भाजी कोणालाच नको असते, आणि इथल्या हवेत ती फ्रिजमधून आत-बाहेर करताना लवकर खराब होते. शिजवण्याच्या आधीची कामं उरकून ठेवा. दीड तासात एवढं होतं:

*आलं-लसूण.* १०० ग्रॅम सोललेला लसूण, ७५ ग्रॅम आलं, १ लहान चमचा मीठ, २ मोठे चमचे तेल. पाणी अजिबात नको. पाण्यामुळे पेस्ट लवकर वास मारते. आठवड्यापुरती फ्रिजमध्ये, बाकीची बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत. एक वडी म्हणजे साधारण मोठा चमचा. तेलातला लसूण ओट्यावर ठेवायची काहींना सवय असते, ती मोडा. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तशा जागी वाढणारे घातक जंतू वासाने कळत नाहीत.

*कांदा-खोबऱ्याचं वाटण.* ४ मध्यम कांदे उभे चिरून २ मोठे चमचे तेलावर चांगले तपकिरी होईपर्यंत, १२ ते १५ मिनिटं. १ वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस वेगळा, मंद आचेवर ३-४ मिनिटं. दोन्ही एकत्र भाजलं तर कांदा होईपर्यंत खोबरं करपतं आणि रस्सा कडू होतो. त्यात १० पाकळ्या लसूण, बोटभर आलं, मोठा चमचा धणे. पाव वाटी पाण्यात वाटा. चौघांच्या तीन रश्श्यांना पुरतं. फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रिजरमध्ये महिनाभर. ओल्या नारळाचं वाटण मात्र दोन दिवसांच्या वर ठेवू नका.

*शेंगदाण्याचं कूट.* मंद आचेवर १० मिनिटं भाजून, पूर्ण गार करून, मिक्सर थांबत-थांबत फिरवून. सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. पावसाळ्यात आठवड्यापुरतंच करा, खवटपणा याच्याइतका भराभर कशालाच येत नाही.

*मोड.* पुढच्या प्रश्नात.

*चिरलेल्या भाज्या.* फरसबी, गाजर, कोबी, दुधी चालतात, तेही तीन दिवस. भेंडी धुऊन पुसून अख्खी ठेवा, चिरून नको. वांगं आणि बटाटा आयत्या वेळी. चिरलेला कांदा फ्रिजमधल्या दुधाला वास लावतो, त्यापेक्षा सोलून अख्खा ठेवलेला बरा.

आठवड्याची कणीक मळून ठेवायचा मोह होतो. दुसऱ्या दिवशी तिच्यावर काळे ठिपके दिसतात, ते पिठातल्या घटकांचा हवेशी संबंध आल्यामुळे. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट डब्यात ठेवली तर २४ तास ठीक. त्यापुढे पोळी चिवट.

मटकीला पावसाळ्यात मोडांऐवजी वास येतो.

पाणी नीट निथळलेलं नसतं. मटकी ८ तास भिजवा, दोनदा धुवा, मग रोळीत निदान अर्धा तास राहू द्या. न भिजलेले कडक दाणे याच वेळी काढा, ते कुकरमध्येही शिजत नाहीत आणि दाताखाली खड्यासारखे येतात. नंतर सुती पंच्यात सैल पुरचुंडी बांधून रोळीतच ठेवा, म्हणजे खालून हवा लागेल. घट्ट डब्यात ठेवली की चिकट होते. उन्हाळ्यात १० तासांत मोड येतात, पावसाळ्यात १२ ते १४ लागतात आणि मध्ये एकदा पुरचुंडी सोडून धुऊन घेतलेलं बरं. १ वाटी कोरड्या मटकीचे अडीच वाट्या मोड होतात. मोड आले की फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवा.

सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडला की भाजीला वास. डबा चांगला आहे तरी असं का?

सहा तास. त्यातला काही वेळ ठाणे-वाशी किंवा सीएसएमटीच्या गाडीच्या गर्दीत, बाकीचा ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात आणि डबा नेमका त्याच पट्ट्यात बसून असतो. उपाय महागड्या डब्यापेक्षा भाजीत आहेत.

भाजी शेवटी एक मिनिट मोठ्या आचेवर परतून पाणी आटवा. भरल्यावर झाकण १० मिनिटं उघडं ठेवा. वाफ कोंडली की तिचं पाणी होऊन भाजीवर पडतं, आणि खराब होणं तिथून सुरू होतं. एप्रिल ते जून आणि ऑक्टोबरात डब्याच्या भाजीत ओलं खोबरं घालू नका. त्याऐवजी कूट, तीळ किंवा सुकं खोबरं. आमसूल, लिंबू, चिंच यांतलं काहीतरी असेल तर भाजी जास्त टिकते. रात्रीची बटाट्याची भाजी सकाळी नुसती कोमट करून भरणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

उष्णता धरून ठेवणाऱ्या डब्याबद्दल गैरसमज आहे. त्यात कडकडीत गरम अन्न भरलं तर ते गरम राहतं, फ्रिजचं थंड भरलं तर थंड. कोमट भरलं तर तो जंतूंसाठी पाळणाच. आधी त्यात उकळतं पाणी ५ मिनिटं ठेवा, मग पाणी ओतून वाफाळती आमटी भरा. हा एकच डबा असा आहे की ज्याचं झाकण लगेच लावायचं.

उन्हाळ्यात डब्यात दहीभात आंबट होतो.

दहीभात नेऊ नका, दूधभात न्या आणि तो दुपारपर्यंत दहीभात होऊ द्या. १ वाटी मऊ भात कोमट असताना घोटा, पाऊण वाटी कोमट दूध, १ मोठा चमचा ताजं दही, मीठ. वर हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. सातला भरलेला एकपर्यंत नेमका लागतो. मे महिन्यात दही अर्धा चमचा करा.

पोळ्या डब्यात कडक होतात. कधी उलट ओल्या होतात.

कडक होतात त्या घट्ट कणकेमुळे किंवा मंद तव्यामुळे. २ वाट्या कणकेला साधारण पाऊण वाटी पाणी, १ लहान चमचा तेल, मळून २० ते ३० मिनिटं झाकून. हा अर्धा तास वगळू नका, पिठाने पाणी शोषून घेतल्याशिवाय पोळी मऊ होत नाही. चहा ठेवायच्या आधी कणीक मळा, म्हणजे वेळ आपोआप मिळतो. तवा पुरेसा तापलेला असला की पोळी दोन मिनिटांच्या आत होते. गार तव्यावर ती भाजत नाही, वाळते.

ओल्या होतात कारण गरम असतानाच एकावर एक रचून डबा बंद होतो. सुती फडक्यावर दोन-तीन मिनिटं पसरा, तूप लावा, घडी घालून मग भरा. जास्त टिकायला हवी असेल तर दशमी करा: कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची. संध्याकाळपर्यंत मऊ राहते. दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते हे थंडीत खरं, मे महिन्यात त्याच दिवशी संपवा.

तांदळाच्या भाकरीला चिरा पडतात.

उकड गार झालेली असते. इथल्या आगरी-कोळी घरांत भाकरी रोजची, आणि तिथे हात भाजेल इतक्या गरम उकडीलाच मळतात. १ वाटी पाणी, चिमूटभर मीठ, उकळी आली की १ वाटी पीठ, उलथन्याच्या टोकाने ढवळून गॅस बंद, ५ मिनिटं झाकण. मग पाण्याचा हात घेत चांगलं ५ मिनिटं मळा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पूर्ण वाळायच्या आत उलटा. वाळलं की तिथेच चीर जाते. पीठ महिन्याहून जुनं असेल तर उकड चांगली होऊनही भाकरी तुटते. ताजं दळून आणा.

कुकरच्या शिट्टीतून डाळीचं पाणी उडतं, आणि तरी डाळ शिजत नाही.

दोन वेगळे दोष आहेत. पाणी उडतं ते डाळीच्या फेसामुळे: कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका, डाळीत लहान चमचाभर तेल घाला. शिजत नाही ती जुनी डाळ, किंवा आधीच टाकलेला टोमॅटो, चिंच, आमसूल. आंबट गोष्टी डाळ मऊ होऊ देत नाहीत, त्या नंतर घाला. १ वाटी तूरडाळ २० मिनिटं भिजवा, तीन वाट्या पाणी, हळद, हिंग.

शिट्ट्या मोजण्यापेक्षा वेळ मोजा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून तूरडाळीला ८ मिनिटं. आत १२० अंशांच्या आसपास तापमान एकदा आलं की मोठी आच फक्त वाफ बाहेर घालवते आणि गॅस जाळते.

आतली वाफ पूर्ण जिरेपर्यंत झाकण ओढू नका. दर वेळी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघा. जिऱ्याचा एक दाणा तिथे अडकू शकतो. रबरी गॅस्केट सैल झालं तर १० मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून त्या दिवसाचं काम भागतं, पण साधारण वर्षाने बदला. सेफ्टी व्हॉल्व्ह रस्त्यावरचा कोणताही नको, कुकरच्याच कंपनीचा घ्या.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकणं सुरक्षित आहे का?

हो, रात्री तो फ्रिजमध्ये गेला असेल तर. शिजलेल्या भातात असे जंतू उरतात की जे शिजवण्यातूनही वाचतात आणि भात बाहेर राहिला तर विष तयार करतात. ते विष सकाळच्या फोडणीने जात नाही, म्हणून ‘चांगला गरम केला होता’ याला अर्थ नाही. जेवण झालं की भात पसरट डब्यात काढा, वाफ गेली की फ्रिजमध्ये. हे सगळं दोन तासांच्या आत, मे महिन्यात एका तासात. दुसऱ्या दिवशी संपवा.

पंधरा मिनिटांत होणारं, पोटभरीचं आणि घरचंच काही?

भाजणीचं थालीपीठ. फक्त भाजणी घरात हवी: २ वाट्या ज्वारी, १ वाटी बाजरी, १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी गहू, पाव वाटी धणे, १ मोठा चमचा जिरं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण उडीद डाळ गुलाबी व्हायला लागणाऱ्या वेळेत जिरं जळून जाईल. पूर्ण गार करून गिरणीत द्या. आधीच्या दळणाचं पीठ थोडं मिसळतंच, म्हणून ‘ज्वारीवर घाला’ असं सांगून ठेवा.

२ वाट्या भाजणी, १ मोठा कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ, ओवा, १ मोठा चमचा तेल. कोमट पाण्याने सैलसर भिजवा. ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोकं पाडा, झाकण ठेवून ३ मिनिटं, उलटून २. कडक झालं तर पीठ घट्ट होतं, तुटलं तर कांदा जाड होता. पावसाळ्यात भाजणी फ्रिजमध्ये, एरवी दीड-दोन महिने बाहेर टिकते.

वर्षाचं धान्य वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून एकदम घ्यावं का?

भाव चांगला मिळतो यात वाद नाही. पण वर्षाचं साठवण ही कोरड्या हवेतली आणि कोठीघर असलेल्या वाड्यातली पद्धत. इथल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, ओल्या भिंतीला टेकलेल्या पिंपात, ऑगस्टपर्यंत तांदळात पोरकिडे आणि रव्यात जाळी दिसायला लागते. दोन-तीन शेजाऱ्यांत वाटून तीन महिन्यांचं घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर तर महिन्याचंच.

तांदळाला किलोला १ लहान चमचा एरंडेल चोळतात, तो उपाय चांगला आहे. शिजवण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुवायचा. बोरिक पावडर लावू नका, ती पोटात जायची वस्तू नाही. रवा आणला की लगेच मंद आचेवर ८ ते १० मिनिटं भाजून, गार करून बरणीत. कोरड्या डाळी, मैदा, बेसन घट्ट पिशवीत ४ दिवस फ्रिजरमध्ये ठेवले तर किड्यांची अंडी मरतात, नंतर बाहेर ठेवता येतं. पण फ्रिजरमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. बाहेरची दमट हवा थंड पिठावर पाणी धरते आणि एवढी मेहनत वाया जाते.

उन्हाळ्यात डंकीवर कुटून आणलेला मसाला एका मोठ्या बरणीत भरण्याऐवजी पाव-पाव किलोच्या चार बरण्यांत भरा. एक वापरात, तीन फ्रिजमध्ये. रोज उघडणाऱ्या बरणीत वाफ जाते. कढईवर बरणी धरून मसाला टाकणं हे त्याचं मुख्य कारण.

चिवडा दोन दिवसांत सादळतो.

पातळ पोहे आधी कोरडे व्हायला हवेत. पाव किलो पोहे मंद आचेवर ६-७ मिनिटं परता; एक पोहा बोटात चुरला की आवाज झाला पाहिजे. कढीपत्ता आणि मिरच्या धुऊन पुसून, फोडणीत पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत. चिवडा मऊ पडतो तो पोह्यांमुळे कमी आणि अर्धवट तळलेल्या मिरचीतल्या पाण्यामुळे जास्त. डब्यात भरण्याआधी पंखा बंद ठेवून गार करा. दिवाळीच्या आसपास पाऊस रेंगाळला तर सैल झाकणाचा जुना डबा काढू नका, घट्ट झाकणाचा घ्या.

जून-जुलैत ताजी मासळी महाग. जवळा (सुकवलेली बारीक कोलंबी) नीट करायचा कसा?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, त्यामुळे हे दोन महिने सुकटीचेच. जवळा मे महिन्यातच घ्या, तळहातावर चोळून बघा: ओलसर लागला किंवा अमोनियासारखा उग्र वास आला तर नको. तव्यावर कोरडा ३-४ मिनिटं भाजा, सुपात चोळून पाखडा, मिशा आणि कचरा उडून जातो. गार झाला की घट्ट डब्यात, डबा फ्रिजरमध्ये.

करताना १ वाटी जवळा ५ मिनिटं पाण्यात, पिळून. ३ कांदे बारीक चिरून तेलावर मऊ, १ मोठा चमचा आलं-लसूण, हळद, २ लहान चमचे आगरी किंवा घरचा मसाला, जवळा, ४-५ आमसुलं. पाणी न घालता झाकणाखाली ७-८ मिनिटं. मीठ शेवटी, चव घेऊनच.

ठाण्याच्या बाजारात शेवळं (एक रानभाजी) मिळतात, पण घशाला खाजतात.

पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात, त्यांच्याकडे शेवळांबरोबर हिरवी लहान फळं असतात, ती काकडं. तीही विकत घ्या, ती शोभेला ठेवलेली नसतात. खाज येते ती शेवळातल्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, आणि काकडांचा आंबटपणा ती मारतो. बाहेरचं आवरण काढा, आतला पिवळा-केशरी दाणेदार भाग पूर्ण काढून टाका, उरलेलं बारीक चिरा. हाताला आधी तेल लावा. तेलावर ८-१० मिनिटं चांगलं परता, मग ठेचलेल्या काकडांचा रस किंवा चिंचेचा कोळ घालून शिजवा. वालाच्या डाळिंब्या किंवा कोलंबी घातली की भाजी पूर्ण होते. अर्धवट शिजलेली चाखून बघू नका.

छोटे प्रश्न, छोटी उत्तरं

*साबुदाणा गोळा होतो.* दोनदा धुऊन, दाण्यांच्या पातळीपेक्षा जेमतेम वर येईल एवढंच पाणी, ४-५ तास. दाणा बोटात पूर्ण चिरडला गेला पाहिजे. कूट आधीच मिसळून ठेवा, ते जादा पाणी ओढून घेतं.

*कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते.* धुऊन ठेवू नका. मुळं कापून, कागदात गुंडाळून डब्यात. कागद ओला झाला की बदला.

*पातेलं करपलं.* घासत बसू नका. २ मोठे चमचे खायचा सोडा आणि पाणी घालून १० मिनिटं उकळा, रात्रभर ठेवा.

*गॅसची ज्योत पिवळी येते, भांडी काळी होतात.* बर्नरची भोकं टाचणीने मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर आला असाल आणि ज्योत तरी बिघडलेली असेल तर शेगडीचे जेट बदललेत का, हे गॅस कंपनीच्या माणसाकडून तपासून घ्या. दोन्ही गॅसना जेट वेगळे लागतात.

*तळणीचं तेल किती वेळा?* गाळून, गडद झालेलं नसेल तर आणखी एकदा, तेही फोडणीसाठी. ताज्या तेलात मिसळू नका. फेस येऊ लागला की टाका, पण मोरीत नाही. बाटलीत भरून कचऱ्यात.

*मिठाला पाणी सुटतं.* बरणीत तळाला लहान चमचाभर कोरडे भाजलेले तांदूळ. महिन्याने बदला.